घरातला लॅपटॉप चोरीपासून कसा सांभाळावा

घरात शिरलेल्या चोराकडे वेळ कमी असतो. तिजोरी फोडत बसण्यापेक्षा टेबलावरचा दीड-दोन किलोचा लॅपटॉप पिशवीत टाकणं त्याला केव्हाही परवडतं. म्हणून तयारी दोन अंगांनी करायची. एक, लॅपटॉप सहज दिसू नये आणि सहज उचलता येऊ नये. दोन, तो गेलाच तर आतलं काहीही चोराला वाचता येऊ नये. दुसऱ्या भागाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, पण माझ्या मते खरं मोल त्याचंच आहे. लॅपटॉप पुन्हा विकत घेता येतो. त्यातले फोटो, अर्धा लिहिलेला प्रबंध किंवा कुणाच्या हाती पडू नयेत अशी बँकेची कागदपत्रं यांचं तसं नसतं.

१. आधी जागा बदला

संध्याकाळी खोलीत दिवा लावा, बाहेर जा आणि खिडकीतून आत काय दिसतं ते बघा. लॅपटॉप दिसत असेल तर टेबल हलवा किंवा पडदा लावत जा. दाराजवळचं टेबल, खिडकीची कड, बाहेरच्या खोलीतला सोफा या जागा टाळाच. काम संपलं की लॅपटॉप आतल्या खोलीत, कपड्यांच्या किंवा पुस्तकांच्या कपाटात ठेवा. चार्जरही सोबत उचला, कारण सॉकेटला लटकणारी वायर लॅपटॉप आसपासच असल्याचं सांगते. नव्या लॅपटॉपचं खोकं कचऱ्यात तसंच ठेवू नका. फाडून, छापील बाजू आत दुमडून टाका.

२. बांधून ठेवा

बऱ्याच लॅपटॉपच्या कडेला एक छोटी आयताकृती खाच असते, शेजारी बहुधा कुलपाचं चित्र. केबल-लॉक, म्हणजे टोकाला कुलूप असलेली धातूची केबल, त्यात बसतं. अशी खाच नसलेल्या पातळ लॅपटॉपसाठी खाली चिकटवायची धातूची पट्टी मिळते.

खरी चूक केबलच्या दुसऱ्या टोकाला होते. टेबलाच्या पायाला फास घातला की काम झालं असं वाटतं, पण टेबल एका बाजूने जरा उचललं की फास पायाखालून अलगद निघतो. त्यामुळे केबल दोन पायांना जोडणाऱ्या आडव्या दांडीभोवती, किंवा भिंतीत पक्क्या बसवलेल्या कडीतून घ्या. आकड्यांचं कुलूप असेल तर मूळचा ०००० बदला आणि लावल्यावर सगळी चाकं फिरवा. एकच आकडा पुढे-मागे केला तर कुलूप सहज उघडतं. चांगल्या कटरने केबल तुटते हे खरं, पण तेवढा वेळ आणि आवाज चोराला नको असतो.

३. डिस्क एन्क्रिप्ट करा

लॉगिनचा पासवर्ड आहे, म्हणजे माहिती सुरक्षित, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे तिच्यातली माहिती गुप्त किल्लीशिवाय (पासवर्ड किंवा आकड्यांशिवाय) वाचता येणार नाही अशी बदललेली, नसेल तर ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची, की फायली दिसतात. पासवर्ड लागतच नाही. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर मात्र किल्लीशिवाय नुसता गोंधळ दिसतो.

विंडोजच्या प्रो आवृत्तीत यासाठी बिटलॉकर आहे. होम आवृत्तीत अनेक लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' मिळतं. मॅकवर फाइलव्हॉल्ट चालू करा, लिनक्सवर सिस्टिम टाकतानाच एन्क्रिप्शनचा पर्याय निवडा. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की (डिस्क नेहमीसारखी उघडली नाही तर लागणारी किल्ली) कागदावर छापून लॅपटॉपपासून दूर ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत तर ती मुळीच नको, आणि हरवली तर अडचणीच्या वेळी तुमचीच माहिती तुम्हाला उघडता येणार नाही.

स्लीपमधून जागा झाल्यावर लॅपटॉपने पासवर्ड मागायलाच हवा. जागेवरून उठताना विंडोजवर विंडोज की आणि एल एकत्र दाबायची सवय लावा. घराबाहेर जाताना मात्र पूर्ण बंद करा.

४. बॅकअप घ्या, आणि तो वेगळा ठेवा

३-२-१ हा जुना नियम इथे उपयोगी पडतो: माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. लॅपटॉपशेजारी ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्क चोर लॅपटॉपबरोबरच नेतो, म्हणून एक प्रत क्लाउडवर किंवा नातेवाइकाकडे असू द्या. बाहेर ठेवायची डिस्कही एन्क्रिप्ट करा.

५. ओळख आणि शोध

सिरियल नंबर बहुधा लॅपटॉपच्या तळाशी असतो. त्याचा फोटो काढा, मॉडेलचं नाव आणि बिल त्यासोबत फोनवर किंवा ईमेलमध्ये ठेवा. फक्त लॅपटॉपमध्येच ठेवलं तर ऐनवेळी उपयोग नाही. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त 'फाइंड माय डिव्हाइस', तर मॅकवर 'फाइंड माय' चालू करा. विंडोजचा लॅपटॉप इंटरनेटला जोडला गेला तरच त्याची नवी जागा कळते. मॅकच्या बाबतीत जवळून जाणारी अॅपलची इतर उपकरणंही मदत करतात.

चोरी झालीच तर

आधी दुसऱ्या उपकरणावरून, वर सांगितलेल्या 'फाइंड माय डिव्हाइस' किंवा 'फाइंड माय'मधून, लॅपटॉप लॉक करा. मग ईमेलचा पासवर्ड बदला आणि सगळीकडून साइन आउट व्हा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. त्यानंतर बँक, मग इतर खाती. कार्यालयाचा लॅपटॉप असेल तर तिथेही लगेच कळवा. सिरियल नंबरसह पोलिसांत तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घ्या. विमा असेल तर ती लागते. नकाशावर लॅपटॉपची जागा दिसली तरी स्वतः तिकडे जाऊ नका. स्क्रीनशॉट काढून वेळेसकट पोलिसांना द्या.