पीसीओएससाठी मॅग्नेशियम घेताय? मग या चुका टाळा

"ताई, मॅग्नेशियम सुरू करून दोन महिने झाले. पाळी काही आली नाही गं अजून."

मावसबहिणीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. आहाराचा सल्ला देणं हे माझं कामच, त्यामुळे घरातल्या सगळ्यांची गोळ्यांच्या डबे-बाटल्यांची चौकशी माझ्याकडेच येते. आधीची पाळी कधी आली होती, असं विचारल्यावर ती थोडी थांबली. मग म्हणाली, "गौरीजेवणाच्या दिवशी. पक्कं आठवतंय, सगळा स्वयंपाक सासूबाईंवर पडला होता." आणि हा फोन मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारच्या आदल्या दिवशीचा. मी बोटं मोजली. नव्वदच्या वर दिवस झाले होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक ती हीच. मॅग्नेशियम ही पाळी आणायची गोळी नाही. पीसीओएस म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांचं बिघडलेलं गणित. त्यात बीजांड वेळेवर बाहेर पडत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन (पाळीचं चक्र सांभाळणारं संप्रेरक) तयार होत नाही, आणि गर्भाशयाच्या आतलं अस्तर नुसतं वाढत राहतं. असं वर्षानुवर्षं चाललं तर त्या अस्तरात नको ते बदल व्हायचा धोका असतो. म्हणून पाळी ९० दिवसांहून जास्त लांबली की डबा बदलत बसायचं नाही, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं. त्याआधी घरीच गरोदरपणाची तपासणी करून घ्यायची. "आमचं तसं काही नाही" म्हणणाऱ्यांनीसुद्धा. पीसीओएसमध्ये बीजांड उशिरा सुटतं, अजिबात सुटत नाही असं नव्हे.

मग मॅग्नेशियमचं नाव पीसीओएसशी जोडलं गेलं कसं? शरीरातल्या तीनशेहून अधिक एन्झाइमना ते लागतं, आणि इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचवणारी यंत्रणाही त्यातच येते. पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिन वाढलेलं असतं, आणि ते वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला जास्त अँड्रोजन, म्हणजे पुरुषी संप्रेरकं, बनवायला लावतं. हनुवटीवरचे केस, मुरुमं, लांबलेली पाळी हे सगळं त्याच धाग्याला बांधलेलं. त्यामुळे मॅग्नेशियमने इन्सुलिनचं काम सुधारेल ही कल्पना अगदीच हवेतली नाही. पण पीसीओएसवरचे प्रयोग छोटे आहेत, काही आठवड्यांचे आहेत, आणि कित्येकदा त्यांत मॅग्नेशियमच्या जोडीला जस्त किंवा ई जीवनसत्त्वही दिलेलं आहे. श्रेय कुणाला द्यायचं? पीसीओएसच्या २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मॅग्नेशियमची शिफारस नाही. ज्यांच्या आहारात ते खरंच कमी पडतं त्यांना थोडा आधार मिळू शकतो, माझा अनुभव एवढंच सांगतो.

बहिणीला म्हटलं, डब्याचा फोटो पाठव. समोर मोठ्या अक्षरांत "मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मिग्रॅ". मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, "एलिमेंटल मॅग्नेशियम १४० मिग्रॅ", म्हणजे त्यातलं खरं मॅग्नेशियम एवढंच. तिला वाटत होतं आपण रोज हजार घेतोय. काहीजणींचं याच्या उलट होतं: हजाराचा आकडा पाहून घाबरून त्या अर्धीच गोळी घेतात आणि पदरात ७० मिग्रॅ पडतं. ग्लायसिनेटच्या वजनात खरं मॅग्नेशियम साधारण १४ टक्के, सायट्रेटमध्ये १६च्या आसपास, ऑक्साइडमध्ये ६०. आकडा बघून ऑक्साइड घ्यावंसं वाटतं, स्वस्तही असतं. पण ते आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, पाणी ओढून पोट साफ करतं. बद्धकोष्ठ असेल तर ठीक, नाहीतर सकाळची लोकल चुकली म्हणून समजा.

प्रौढ बाईला दिवसाला ३१० ते ३२० मिग्रॅ लागतं असं अमेरिकेतलं मानक सांगतं. हा आकडा अन्नासकट आहे. गोळ्यांतून घ्यायची कमाल मर्यादा तिथे ३५० मिग्रॅ आहे, युरोपात तर २५०च. पित्ताचं पांढरं औषध रोज घेत असाल तर त्याची बाटलीही वाचा, त्यातल्या बऱ्याच औषधांत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असतं आणि ते या हिशेबात येतंच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको. जास्तीचं मॅग्नेशियम बाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडच करतं.

आता थायरॉईडचं. पीसीओएस आणि थायरॉईड दोन्ही असलेल्या बायका मला दर आठवड्याला भेटतात, आणि चूक बहुतेकींची एकच. सहाला उठून थायरॉक्सिनची (थायरॉईडची) गोळी, साडेसहाला चहा, आणि "सकाळचं सगळं एकदमच उरकावं" म्हणून चहाबरोबर मॅग्नेशियम. मॅग्नेशियम पोटात थायरॉक्सिनला धरून ठेवतं, मग ते रक्तात नीट उतरत नाही. टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीतला आकडा) वाढतो, डॉक्टर डोस वाढवतात, थकवा आणि लांबलेली पाळी मात्र पीसीओएसच्या खात्यावर जमा होते. दोन्हींत किमान चार तासांचं अंतर हवं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम. काही अँटिबायोटिक्सचंही मॅग्नेशियमशी असंच वाकडं आहे, तेव्हा पाच-सात दिवसांचा कोर्स लागला तर मेडिकलवाल्याला किंवा डॉक्टरांना आवर्जून विचारा.

जुलाब लागले की दोष कुणाचा, हा दुसरा घोळ. मेटफॉर्मिन (इन्सुलिनचं काम सुधारणारं, पीसीओएसमध्येही दिलं जाणारं औषध) आणि मॅग्नेशियम एकाच आठवड्यात सुरू केलं असेल तर शोधून सापडायचं नाही. दोन्हींनी पोट बिघडतं. आणि बळी जातो तो मेटफॉर्मिनचा, कारण ते डॉक्टरांनी दिलेलं "औषध" आणि हे आपलं "नैसर्गिक". करायचं उलट: आधी मॅग्नेशियम बंद करून चार दिवस बघायचं. पोट ठिकाणावर आलं तर अर्ध्या मात्रेने, रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा सुरू करायचं, आणि ऑक्साइड असेल तर सायट्रेट नाही, थेट ग्लायसिनेट घ्यायचं. पोट नाहीच सुधारलं तर मेटफॉर्मिनबद्दल डॉक्टरांशी बोलायचं, स्वतःहून सोडायचं नाही. (बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावं, हे जाता जाता.)

"रक्तातलं मॅग्नेशियम नॉर्मल आलं, म्हणजे मला गरज नाही" हेही पूर्ण खरं नाही. शरीरातलं एक टक्क्याहूनही कमी मॅग्नेशियम रक्तात असतं. निम्म्याहून जास्त हाडांत, बाकीचं बहुतेक स्नायूंत आणि इतर पेशींत. रक्तातली पातळी शरीर जिवापाड सांभाळतं, त्यामुळे तो आकडा घसरतो तेव्हा बाकीची तिजोरी आधीच रिकामी होत आलेली असते. म्हणून मी रिपोर्टआधी ताट बघते.

ताटाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण खरी गंमत तिथे आहे. चमचाभर भोपळ्याच्या बिया खाऊन "माझं मॅग्नेशियम झालं" म्हणणाऱ्या खूप भेटतात. २८ ग्रॅम भाजलेल्या बियांत १५६ मिग्रॅ असतं, हे खरं. पण चहाच्या चमच्यात बिया मावतात जेमतेम तीन ग्रॅम. हिशेब तुम्हीच करा. त्यापेक्षा आपली ज्वारी-बाजरी बघा: १०० ग्रॅम धान्यात सव्वाशे मिग्रॅच्या आसपास, नाचणीत थोडं अधिक. पॉलिश केलेल्या तांदळात वीसच्या घरात. म्हणजे रात्रीच्या भाताऐवजी दोन भाकऱ्या, वाटीभर मोडाची मटकी आणि भाजीत दाण्याचा कूट एवढं केलं, तरी एका गोळीइतकं मॅग्नेशियम सहज पोटात जातं, सोबत तंतुमय पदार्थही. मोड आणल्याने फायटेट (कडधान्यातला, खनिजं अडवून ठेवणारा घटक) कमी होतं आणि शोषण सुधारतं, हा आजीच्या फडक्याचा फायदा.

मात्र एकाच सोमवारी भाकरी, चालणं, बिनसाखरेचा चहा आणि गोळी असं सगळं सुरू करू नका. नंतर कशाने काय झालं ते कळत नाही, आणि श्रेय हमखास सगळ्यात महाग डब्याला मिळतं. आधी जेवण आणि चालणं बसू द्या. मग गोळी. भिंतीवरच्या कालनिर्णयावर पाळीच्या तारखा, झोप, पायात येणारे गोळे एवढंच टिपा. तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर डबा संपल्यावर नवा आणू नका.

बहिणीची तपासणी निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, दहा दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या, त्या संपल्यावर चौथ्या दिवशी पाळी आली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणीही झाली, तीन वर्षांत ती कुणी सुचवलीच नव्हती. मॅग्नेशियम तिने सोडलेलं नाही. डबा फक्त ओट्यावरून उचलून उशाशी, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवलाय. तिलाही थायरॉईड आहे ना: ती गोळी सकाळी सहाला, हा रात्री दहाला.