लाजरी नवरी का दगावते : फेनबॉसची झाडे लावताना या चुका टाळा

दरवर्षी ऑगस्टमध्ये केप टाउनच्या रोपवाटिकांत सेरुरिया फ्लोरिडाची, म्हणजे ‘फेनबॉस’ या केपच्या रानझुडपांतल्या एका झाडाची, फुललेली रोपे विक्रीला येतात आणि दरवर्षी जानेवारीत ओळखीच्या तीन-चार घरांतून त्याच रोपांची वाळलेली छायाचित्रे मला येतात. सोबतचा प्रश्नही ठरलेला असतो : ‘खत घातले, रोज पाणी घातले, माती मोकळी केली, तरी झाड का गेले?’ त्याचे उत्तर त्या प्रश्नातच असते, पण ते नीट समजावून सांगायला वेळ लागतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या झाडाला इंग्रजीत ‘ब्लशिंग ब्राइड’ म्हणतात. आमच्या घरात ते पहिल्या वर्षापासून ‘लाजरी नवरी’ आहे. शेपूसारखी बारीक चिरलेली पण कडक पाने, जेमतेम कमरेएवढी उंची आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे इथल्या हिवाळ्यापासून वसंतापर्यंत, किंचित माना खाली घातलेली पांढरी-गुलाबी फुले. आपल्याला ज्या पाकळ्या वाटतात ती खरे तर कागदासारखी सहपत्रे, म्हणजे फुलांभोवतीची पाने, असतात आणि खरी फुले म्हणजे मधला रुपेरी, केसाळ झुबका. झाड प्रोटिया या इथल्या फुलझुडपाच्या कुळातले, मूळचे केप टाउनच्या पूर्वेकडील फ्रान्सहुकच्या डोंगरातल्या मोजक्या उतारांवरचे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पीटर थुनबर्ग यांनी १७७३ मध्ये ते पहिल्यांदा गोळा केले. पुढे शंभराहून अधिक वर्षे ते कोणालाच दिसले नाही, ते १८९१ मध्ये पुन्हा सापडले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी किर्स्टनबॉशच्या वनस्पतिउद्यानात बियांपासून त्याची रोपे तयार झाली, म्हणून आज ते तुमच्या-माझ्या कुंडीपर्यंत पोहोचले आहे. रानात ते आजही नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे. इतक्या कष्टाने वाचलेले झाड मूठभर खताने मरावे, याचे मला प्रत्येक वेळी मनापासून वाईट वाटते.

तेव्हा आधी खताविषयीच. आपण मराठी माणसे शेणखताशिवाय बागेची कल्पनाच करू शकत नाही, आणि गुलाब, जास्वंद, मोगरा यांच्या बाबतीत ते योग्यही आहे. परंतु केपच्या डोंगरांतली माती वालुकाश्म झिजून झालेली आहे आणि तिच्यात फॉस्फरस अत्यल्प असतो. अशा मातीत जगण्यासाठी प्रोटियाच्या कुळाने बाटली धुण्याच्या ब्रशसारखी दाट, आखूड मुळांचे झुबके तयार करण्याची युक्ती साधली आहे. ही मुळे सेंद्रिय आम्ले सोडून मातीच्या कणांना घट्ट चिकटलेला फॉस्फरस सुटा करतात आणि शोषून घेतात. उपाशी राहण्याची सवय असलेल्या या झाडाला पुरेसे झाले म्हणून थांबणे मात्र नीटसे जमत नाही; समोर येईल तेवढा फॉस्फरस ते घेत राहते, तो पानांत साठतो आणि शेवटी तेच विष होते. आधी नवी पाने पिवळी पडतात, मग जुन्या पानांची टोके करपतात. शेणखत, कोंबडीखत, हाडांचा चुरा, गुलाबांसाठीचे तयार खत, यांपैकी काहीही या झाडाला चालत नाही. ‘अगदी थोडेसे घातले होते’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता मी ‘किती’ असे विचारतच नाही.

फॉस्फरस केवळ खतातूनच येतो असे नाही, हे मला स्वतःला फार महाग पडून कळले. २०१८ च्या उन्हाळ्यात केप टाउनमध्ये पाण्याचा दुष्काळ होता. १ फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटर पाण्याची मर्यादा आली; नळाचे पाणी बागेला घालणे तर त्याआधीच बंद झाले होते. सगळ्या शहराप्रमाणे आम्हीही धुण्याच्या यंत्राचे पाणी बादल्यांत साठवू लागलो. माझ्याकडे तेव्हा लाजऱ्या नवरीची नऊ झाडे होती, त्यांपैकी चार मी स्वतः बियांपासून वाढवलेली. ती तहानेने मरतील या भीतीने मी एक दिवसाआड प्रत्येकीला अर्धी बादली साबणाचे पाणी घालत राहिले. त्या पाण्यात सोडियमचे क्षार होते, अल्क होते आणि आमच्या धुण्याच्या पावडरीत फॉस्फेटही होते. पाकिटाच्या मागे तसे छापलेले होते, मी ते वाचले नव्हते. तिसऱ्या आठवड्यात शेंडे पिवळे पडले. मला वाटले पाणी कमी पडते आहे, म्हणून मी अर्धीच्या जागी पूर्ण बादली घातली. मार्च संपायच्या आत नऊपैकी आठ झाडे गेली. त्याच पाण्यावर शेजारच्या वाफ्यातली रोझमेरी आणि पेलार्गोनियम चांगली तगली होती. वाचलेले नववे झाड कुंपणाच्या टोकाला होते. तिथपर्यंत बादली उचलून नेणे होत नव्हते, म्हणून त्याला पाण्याचा थेंबही मिळाला नव्हता.

तेव्हापासून माझ्या घरी एक नियम आहे. अंघोळीआधी गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहते, ते बादलीत धरायचे. त्यात साबण नसतो आणि तेवढेच पाणी फेनबॉसला जाते. साबणाचे पाणी फक्त संडासात. खत म्हणाल तर मी वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आरंभी आणि अखेरीस, समुद्रशेवाळाचे अगदी पातळ केलेले द्रावण देते आणि कुंडीच्या तोंडाशी पाइनच्या सालीचा दोन बोटे जाडीचा थर ठेवते. बाजारातल्या खताच्या पाकिटावर तीन आकडे असतात. त्यांतला मधला आकडा फॉस्फरसचा असतो आणि तो शून्य नसेल तर ते पाकीट मी घरात आणत नाही. चुकून खत पडलेच असेल तर वरचा थर लगेच काढून टाकावा आणि साठवलेल्या पावसाच्या पाण्याने कुंडी चार-पाच वेळा धुऊन काढावी. पाने करपेपर्यंत वाट पाहिली असेल, तर मात्र मी खोटी आशा दाखवत नाही.

दुसरी चूक खुरप्याची आहे आणि तीही प्रेमापोटीच होते. साताऱ्याची माझी मावशी एका डिसेंबरात सहा आठवडे आमच्याकडे राहायला आली होती. तिचा हात लागलेली तुळस कधी सुकलेली मी पाहिली नाही. मी कामावर गेले असताना तिने सगळ्या कुंड्या खुरप्याने चार-चार बोटे भुसभुशीत केल्या. संध्याकाळी मला म्हणाली, ‘अगं, माती दगडासारखी झाली होती. मुळांना वारा नको का लागायला?’ मी काही बोलू शकले नाही. ब्रशसारखी जी मुळे वर सांगितली, ती मातीच्या अगदी वरच्या थरात, कुजणाऱ्या पानांच्या लगत पसरलेली असतात आणि एकदा तुटली की झाडाला चटकन सावरता येत नाही. भर उन्हाळ्यात ती तुटली तर पाणी असूनही झाड तहानलेले राहते. त्या पंधरवड्यात पाच कुंड्या गेल्या. मावशीला मी कारण कधीच सांगितले नाही. दुसऱ्या वर्षी ती आली तेव्हा तिला तुळस आणि कढीपत्त्याच्या कुंड्या दाखवल्या आणि फेनबॉसच्या कुंड्यांवर सालीचा थर आणखी जाड केला. तण उगवले तर मी ते उपटतही नाही, कात्रीने मातीलगत कापते. कुंडी बदलतानाही मुळांचा गोळा फोडायचा नाही, मुळे मोकळी करायची नाहीत; गोळा जसाच्या तसा उचलून मोठ्या कुंडीत ठेवायचा.

उन्हाळ्यात झाड मान टाकते तेव्हा लोक पाण्याची झारी घेऊन धावतात. कृपा करून आधी मातीत बोट घाला. माती ओली आणि झाड मलूल, अशी स्थिती असेल तर बहुधा मुळे कुजली आहेत. फायटोफ्थोरा सिनामोमी नावाचा बुरशीसदृश रोगजंतू उबदार आणि ओल्या मातीत झपाट्याने पसरतो आणि झाड आठ-दहा दिवसांत उभ्याउभ्याच वाळते, पाने फांदीलाच राहतात. त्यावर घरगुती इलाज नाही. ते झाड मातीसकट कचऱ्यात टाकावे, कंपोस्टच्या ढिगात नव्हे, आणि त्या जागी पुन्हा प्रोटियाच्या कुळातले काही लावू नये. मी उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, उजाडताना, कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत पाणी घालते. तापलेल्या मातीत संध्याकाळी थोडेथोडे पाणी घालणे ही आळशीपणाची सवय आहे आणि मुळांची कूज तिच्यामुळेच वाढते.

पुण्या-मुंबईचे नातेवाईक बियाणे मागतात तेव्हा मी याच कारणासाठी नाही म्हणते. इथला पाऊस थंडीत पडतो, तिथला पाऊस उबदार महिन्यांत पडतो. जून ते सप्टेंबर कोकणात जी माती असते, तिच्यात या झाडाची मुळे टिकायची नाहीत. शिवाय बियाणे देशाबाहेर न्यायचे तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि डोंगरातून परवान्याशिवाय फांदी किंवा बी आणणे हा इथे गुन्हा आहे. सहलीला गेलेली शिकलेली माणसेसुद्धा ‘एकच काडी’ म्हणून तोडतात, हे मला असह्य होते.

लागवडीचा काळ एप्रिल ते जून, पहिला पाऊस पडल्यावर. ऑगस्टमध्ये फुललेले रोप घेतलेच असेल तर ते लगेच जमिनीत लावू नका. त्याच कुंडीत, सकाळचे ऊन मिळेल अशा जागी उन्हाळा काढू द्या. फुललेले मोठे रोप घेण्यापेक्षा वीतभर उंचीचे रोप घ्या. ते लवकर रुजते, पण त्यासाठी एक वर्ष फुलांची वाट पाहावी लागते आणि तेवढा धीर फार थोड्यांजवळ असतो.

समुद्रकाठची वाळू कुंडीत वापरू नका, तिच्यात शिंपल्यांचा चुना असतो आणि तो या झाडाला सोसत नाही. नव्या सिमेंटच्या भिंतीलगतही हे झाड लावू नका. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात ठेवायची असेल तर ती एका मोठ्या मातीच्या कुंडीत बसवा. आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला भिऊन झाड कोपऱ्यात लपवू नका. पानांतून वारा खेळला नाही तर बुरशी येते.

बियांच्या बाबतीतला उतावळेपणा वेगळाच असतो. रानात या बिया मुंग्या बिळात नेतात आणि वणवा येऊन गेल्यावर त्या उगवतात. १९९० मध्ये इथल्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, फेनबॉसच्या बियांना आगीच्या उष्णतेइतकाच धुराचाही संकेत लागतो. म्हणून बिया धुराने भारलेल्या कागदाच्या पाण्यात एक दिवस भिजवाव्यात आणि मार्च-एप्रिलमध्ये, रात्री गार होऊ लागल्यावरच पेराव्यात. उगवायला एक-दोन महिने लागतात. दहाव्या दिवशी माती उकरून पाहणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

छाटणीत एकच गोष्ट सांभाळा. फुले ओसरली की लगेच, हिरवी पाने शिल्लक राहतील एवढेच कापा. जुन्या, उघड्या लाकडात कात्री घातली तर तिथून पुन्हा फूट येत नाही. माझ्याकडचे सर्वांत जुने झाड सहा वर्षे जगले, तेच कुंपणाच्या टोकाचे, आणि हे झाडच मुळात फार वर्षे जगणारे नाही. म्हणून मी मार्चच्या सुमारास दरवर्षी चार शेंड्यांची कलमे जाड वाळू आणि सालीच्या मिश्रणात लावते. त्यांपैकी एक-दोन तरी धरतात.