ॲनिमेशन लावा, पण पॉजवर बोट ठेवून

डेटा स्ट्रक्चर्स (संगणकात माहिती मांडायच्या रचना) पहिल्यांदाच शिकवायला घेतलेले नवे सहकारी विचारतात, "कुठलं ॲनिमेशन दाखवू?" सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीत स्टीव्हन हालिम यांनी २०११ मध्ये सुरू केलेली व्हिज्युअल्गो ही वेबसाइट घ्या, नाहीतर सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या डेव्हिड गॅलेस यांची वेबपानं. दोन्ही फुकट आहेत. डोकं लागतं ते कुठे थांबवायचं यात.

सेकंड इयरला एव्हीएल ट्री (लहान आकडे डावीकडे, मोठे उजवीकडे ठेवून स्वतःचा तोल सांभाळणारं झाड) शिकवताना मी आधी ३०, २०, १० घालते. झाड कलतं, एक उजवं रोटेशन (कललेला भाग उजवीकडे फिरवणं), २० रूटला, म्हणजे सगळ्यात वर, सगळे खूश. मग ३०, १०, २०. शेवटचा २० जागेवर बसला की पॉज. "आता रूटला कोण?" बरेच हात "१०" म्हणतात, कारण मघाशी ३० च्या खालचाच वर सरकला होता. हो-नाही काही न सांगता वहीत करायला लावायचं. १० वर जातो, ३० त्याच्या उजवीकडे येतो आणि २० जाऊन ३० च्या डावीकडे लटकतो. झाड आता दुसऱ्या बाजूला कललेलं! मागच्या बाकावरून "मॅडम, परत तेच झालं" आलं, की पुढची पायरी दाखवा: आधी १० वर डावं रोटेशन, मग ३० वर उजवं. हेच सलग चालवलं तर काही सेकंदांत संपतं, मुलं "समजलं" म्हणतात आणि व्हायवात गप्प.

हंडहाउसेन, डग्लस आणि स्टॅस्को यांनी २००२ मध्ये २४ प्रयोगांचा आढावा घेतला, त्यातही हेच निघालं: पडद्यावर काय दिसतं यापेक्षा विद्यार्थी त्याच्याशी काय करतात, याला जास्त महत्त्व.

सॉर्टिंगला, म्हणजे आकडे क्रमाने लावायला, इनपुट तुम्हीच ठरवा. रँडम आकड्यांवर क्विक सॉर्ट बहुतेकदा हुशारच दिसतो. चढत्या क्रमातले ८ आकडे द्या, पहिलाच आकडा पिव्हट (बाकीच्यांची ज्याच्याशी तुलना होते तो) ठेवा, आणि मुलांना तुलना मोजू द्या: ७, ६, ५ करत २८. इन्सर्शन सॉर्ट तेच ७ तुलनांत उरकतो. सगळे सॉर्ट शेजारी-शेजारी पळवायची शर्यत मुलांना फार आवडते (टोरांटोच्या रोनाल्ड बेकर यांच्या १९८१ च्या फिल्ममध्येही ती आहे), पण ती तासाच्या शेवटी.

रिकर्शनला (फंक्शन स्वतःलाच कॉल करतं तेव्हा) मात्र पायथन ट्यूटर ही वेबसाइट बरी. मुलांचा स्वतःचा कोड ओळीओळीने चालतो, प्रत्येक कॉलची चौकट रिटर्न होईपर्यंत समोर राहते. सी आणि सी प्लस प्लसही चालतं.

आणि लॅबचं नेट ऐन प्रॅक्टिकलला जाणारच, तेव्हा हीच उदाहरणं खडूने करायची तयारी ठेवा.