भीमकुंड पाहायचंय? मग धुक्याच्या आधी पोचा

चिखलदऱ्याला निघालात की घाटाआधी परतवाड्यातच पेट्रोल भरून घ्या, नाश्ताही उरका. घाट चढायला पोटात काहीतरी हवं. चिखलदऱ्याचा भीमकुंड धबधबा खरा पाहायचा तो जुलै ते सप्टेंबर. एप्रिलात आलात तर काळा कातळ तेवढा दिसेल. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या कोअर भागातली सफारी पावसाळ्यात बंद असते, पण भीमकुंडासारखे पॉइंट गावालगत आहेत, त्यांना अडचण नाही.

सकाळी लवकर जा. धुकं एकदा दरीतून वर आलं की हाताभरावरचा माणूस दिसत नाही, धबधब्याचा नुसता आवाज ऐकत बसावं लागतं. आलंच तर पळू नका, थांबा. वारा सुटला की पडदा फाटतो अन् समोर पाण्याची पांढरी धार सरळ खोल दरीत उतरताना दिसते. कीचकाला मारून भीमानं हात धुतले ते इथंच, असं सांगतात.

कठड्याच्या पलीकडं सेल्फीसाठी उतरणारे दरवर्षी दिसतातच. शेवाळलेला दगड कोणाचा सगा नाही! चपला नकोत, खाचांचे बूट घाला. भाजलेलं कणीस माकडांपासून सांभाळा. पंचबोल या प्रतिध्वनीच्या पॉइंटला आरोळी द्यायची तर गर्दी व्हायच्या आधी द्या. उतरताना रबडी बांधून घ्या, अन् घाट अंधाराआधी संपवा.