उशिराच्या रोमन तटबंदीत खणताना या चुका टाळा

बल्गेरियात व्हेलिको तार्नोवोजवळ दिचिन नावाची एक छोटी तटबंदीची वस्ती आहे. इ. स. ४००च्या सुमारास ती उभी राहिली आणि पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात जळाली. सहाव्या शतकात तिथे पुन्हा घरे बांधली गेली. त्या शतकाच्या अखेरीस तीही जळाली. डॅन्यूबच्या खोऱ्यात अशा जागा पुष्कळ आहेत, आणि तिथल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच: दगडी तट लवकर दिसावा ही घाई.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे भिंत सापडली की तिच्या कडेने चर खणत सुटणे. जुन्या उत्खननांत हे सर्रास झाले. वस्तीचा नकाशा झटपट मिळतो, पण घराची जमीन आणि भिंत जिथे एकमेकींना भिडतात तो पट्टाच नाहीसा होतो. जमीन भिंतीला टेकली असेल तर भिंत आधीची; पायाच्या खड्ड्याने जमीन कापली असेल तर भिंत नंतरची. हा निर्णय त्या वीतभर मातीतच होतो. म्हणून चर भिंतीला काटकोनात घ्या. आधीच्या कोणी कडेने खणून ठेवले असेल, तर ती भुसभुशीत, सरमिसळ झालेली माती वेगळी काढा, मग चराचा पलीकडचा उभा छेद घासून स्वच्छ करा. पुष्कळदा तिथे थर शाबूत असतात.

भिंत मध्येच गायब झाली तर गोंधळू नका. आसपासच्या लोकांनी दगड उपसून नेले असतील. चुन्याचा चुरा आणि विटांचे तुकडे भरलेला सरळ पट्टा दिसला, तर भिंत तिथेच होती. भरावाची नोंद वेगळी करा, कारण त्यातली खापरे दगड उपसल्याच्या काळातली असू शकतात.

कच्च्या विटा तर हमखास ‘नुसती पिवळी माती’ म्हणून फेकल्या जातात. या काळात दगड-मातीच्या पायावर कच्च्या विटांची भिंत ही नेहमीची रीत होती. शंका आली की हलके पाणी शिंपडा, ट्रॉवेलने खरवडा, सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. सांधे उठून येतात. जळलेल्या भागात विटा भाजून लाल झालेल्या असतात, तिथे काम सोपे.

नाण्यांची फसगत वेगळी. पाचव्या शतकातली नुम्मुस ही तांब्याची नाणी जेमतेम १ ग्रॅमची, करंगळीच्या नखाएवढी. बारीक चाळणी नसेल तर ती मातीच्या ढिगातच जातात. शिवाय चौथ्या शतकातली नाणी पाचव्या शतकातही चलनात होती. घराच्या जमिनीखालचे नाणे ती जमीन ‘याच्या आधीची नाही’ एवढेच सांगते. ४९८मध्ये सम्राट अनास्तासियसने ४० नुम्मुस किमतीचे मोठे फॉलिस नाणे आणले, आणि ५३८पासून सम्राट जस्टिनियनच्या फॉलिसांवर त्याच्या राज्याचे कितवे वर्ष ते येऊ लागले. ती नाणी सापडली तर नशीब. पण ती न सापडणे म्हणजे वस्ती ओस पडली होती असे नव्हे.

जळका थर दिसला की लगेच हूण किंवा अवार या आक्रमक टोळ्यांचे नाव घेऊ नका. आधी कोठारांतले जळके धान्य पाण्यात तरंगवून (फ्लोटेशनने) वेगळे करा. कार्बन-१४ने वय काढण्यासाठी तुळईपेक्षा धान्याचा दाणा बरा: तुळईचे लाकूड जुने किंवा दुसऱ्यांदा वापरलेले असू शकते, दाणा एका हंगामाचा असतो. तसेच सहाव्या शतकातला इतिहासकार प्रोकोपियसने जस्टिनियनच्या किल्ल्यांची लांबलचक यादी दिली म्हणून प्रत्येक तट त्याच्या खात्यावर लावू नका. तो राजाची स्तुती लिहीत होता, आणि दिचिन तर जस्टिनियनच्या शंभरेक वर्षे आधीचे.

अँफोऱ्याची, म्हणजे तेल-दारू नेण्याच्या मातीच्या भांड्याची, मधल्या अंगाची साधी खापरे टाकून देऊ नका, निदान प्रकारवार वजन नोंदवा. ५३६मध्ये जस्टिनियनने डॅन्यूबकाठचे दोन प्रांत एजियन बेटे, कारिया आणि सायप्रस यांच्याशी एकाच अधिकाऱ्याखाली जोडले. डॅन्यूबकाठच्या सैन्याचे तेल आणि दारू कुठून येत होती, याचा पुरावा याच खापरांत असतो.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात किंवा भारतात इतरत्र शिकून युरोपात खणायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरची, मध्ये बांध राखून चौकोनी खड्डे खणण्याची पद्धत आपल्याकडे हाडीमाशी भिनलेली आहे, पण युरोपात आता बहुधा मोठे क्षेत्र सलग उघडतात. मधले बांध नसतात, म्हणून प्रत्येक थराची उंची आणि रेखाटन तेव्हाच्या तेव्हा व्हायला हवे. संध्याकाळी आठवून भरलेली नोंदवही उपयोगाची नाही.

आणि हंगाम संपताना चर उघडे ठेवून निघू नका. कच्ची वीट एका हिवाळ्यात विरघळते. जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारे कापड) अंथरा, वर चाळलेली माती भरा.