नागपूरच्या कोर्टातून कागद कसा काढायचा: आधी नंबर, मग रोजनामा

कोर्टातला कागद वकिलाशिवाय मिळत नाही असं समजून कितीतरी लोक सिव्हिल लाइन्सच्या न्यायमंदिराची पायरीच चढत नाहीत. प्लॉट घेताना, शेतीच्या वाटणीत, भाडेकरूच्या भांडणात दलालाच्या हातातल्या झेरॉक्सवर विश्वास ठेवतात आणि आयुष्यभराची कमाई त्यात घालतात. मी वकिलांच्या ऑफिसात क्लार्क आहे. नकलेचे अर्ज लिहायचे, फाइल शोधायची, नक्कल विभागातून प्रती आणायच्या, हेच माझं रोजचं काम. त्यातलं जे कोणालाही स्वतःचं स्वतः करता येतं, ते इथे सांगते.

सुरुवात केसच्या नंबरपासून. "अमक्याची तमक्यावरची जागेची केस, झाली असतील पाच-सहा वर्षं" एवढ्या माहितीवर कोणताही बाबू फाइल काढून देऊ शकत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. कोर्ट, केसचा प्रकार, नंबर आणि वर्ष, एवढं जुळलं की फाइल सापडते. नंबर घरबसल्या शोधता येतो. ई-कोर्ट्स सर्व्हिसेसच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर महाराष्ट्र, मग नागपूर, मग न्यायालय निवडायचं आणि पक्षकाराच्या नावानं शोधायचं. पैसे लागत नाहीत. प्रलंबित आणि निकाली अशा दोन्ही याद्या बघा. लोक फक्त प्रलंबित बघतात आणि केस नाहीच असं समजून मोकळे होतात.

नावं तिथे बहुतेक इंग्रजीत भरलेली असतात, आणि खरी अडचण इथेच येते. वानखेडे, चौधरी, मेश्राम ही नावं भरणाऱ्यानं कोणत्या स्पेलिंगनं भरली असतील ते सांगता येत नाही. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाका, वर्ष बदलत जा, मग वडिलांचं नाव, मग वारसांची नावं टाकून बघा. मूळ मालक वारला असेल तर केस बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर चाललेली असू शकते. काटोल, उमरेड, रामटेक, सावनेर, कामठी इथे तालुक्याची न्यायालयं वेगळी आहेत. जमीन त्या तालुक्यातली असेल तर फक्त नागपूर शहराच्या यादीवर थांबू नका, त्या तालुक्याची यादीही शोधा.

केस सापडली की तिचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या केसचा स्वतःचा ओळख क्रमांक, लगेच वहीत उतरवून घ्या. सोळा अक्षरांचा असतो. सुरुवातीला राज्य आणि जिल्हा, म्हणजे नागपूरसाठी एमएचएनजी, पुढे न्यायालयाचे दोन आकडे, मग सहा आकडी क्रमांक आणि शेवटी वर्ष. हा एक नंबर असला की पुन्हा नावाच्या स्पेलिंगशी झटापट करावी लागत नाही. त्यासोबत केसचा प्रकारही लिहा. आर.सी.एस. म्हणजे नियमित दिवाणी दावा, स्पेशल सी.एस. म्हणजे विशेष दिवाणी दावा, आर.सी.ए. म्हणजे नियमित दिवाणी अपील. हुकूमनाम्याची, म्हणजे निकालावरून निघालेल्या कोर्टाच्या आदेशाची, अंमलबजावणी मागितली असेल तर दरखास्त, आणि तिला वेगळा नंबर असतो.

आता रोजनामा. लोक येतात आणि "निकालाची कॉपी पाहिजे" म्हणतात. मी म्हणते, आधी रोजनामा काढा. प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं ते त्यात थोडक्यात लिहिलेलं असतं: "वादी व वकील हजर. प्रतिवादी क्र. 2 गैरहजर. नि. 5 वर युक्तिवाद ऐकला. आदेशासाठी ठेवले." एवढ्याशा ओळी, पण सगळी केस त्यात दिसते. कोणाला समन्स लागलं, कोणाचा लेखी जबाब आला नाही, कोणता अर्ज मंजूर झाला, तडजोड कधी दाखल झाली. नि. म्हणजे निशाणी, फाइलमधल्या कागदाला दिलेला क्रमांक. आपल्याकडे तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज बहुतेक दाव्यांत नि. 5 वर असतो. म्हणून जागा घेणाऱ्यानं रोजनाम्यात नि. 5 आधी शोधावं, आणि त्यावरच्या आदेशात "जैसे थे", म्हणजे मिळकत आहे त्या स्थितीत ठेवा, हे शब्द दिसले तर पुढचा पैसा देण्याआधी थांबावं. संकेतस्थळावर केसच्या इतिहासात तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवसाचं कामकाज उघडतं. काही आदेश तिथेच वाचायलाही मिळतात. ते समजून घ्यायला पुरतात, मात्र दुसऱ्या कोर्टात, बँकेत किंवा सरकारी कार्यालयात द्यायचं असेल तर प्रमाणित नक्कलच लागते.

माझ्या मावसभावानं बेसा भागात एका प्लॉटचा इसार दिला होता. त्याचा फोन आला, "ताई, मालक केस जिंकलाय, निकालाची प्रत माझ्या हातात आहे. रजिस्ट्री करून टाकू?" प्रत खरी होती, निकालही मालकाच्याच बाजूनं होता. पण निकालाच्या तारखेनंतर अपील झालं का, हे कोणी बघितलंच नव्हतं. त्याच नावांनी जिल्हा न्यायालयातली अपिलं शोधली, तर आर.सी.ए. चालू, आणि त्यात "जैसे थे"चा आदेश. दलालानं निकाल दाखवला, अपिलाबद्दल एक शब्द काढला नाही. त्या दिवसापासून मी भेटेल त्याला सांगते: निकाल हातात आला की त्याच नावांनी वरच्या कोर्टात शोधा. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस, आणि उशीर माफ करून घेऊन त्यानंतरही अपील दाखल होऊ शकतं. म्हणून मुदत संपली एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, रजिस्ट्रीच्या आठवड्यात पुन्हा एकदा शोधा.

नकलेचा अर्ज साधा असतो. छापील नमुना मिळाला तर तो भरा, नाहीतर कागदावर हातानं लिहा:

"मा. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, नागपूर यांचे न्यायालयात. नियमित दिवाणी दावा क्र. अमुक/2016. वादी अमुक विरुद्ध प्रतिवादी तमुक. नकलेकरिता अर्ज. अर्जदार सदर दाव्यात पक्षकार नाही. मौजा अमुक, खसरा क्र. अमुक मधील प्लॉट अर्जदार विकत घेणार असल्याने सदर मिळकतीवर कोणते आदेश झाले आहेत हे पाहणे आवश्यक आहे. करिता दाव्याचा संपूर्ण रोजनामा, नि. 5 वरील आदेश व निकालपत्र यांच्या प्रमाणित नकला मिळाव्यात, ही विनंती."

खाली नाव, पत्ता, मोबाइल, सही आणि तारीख. वर कोर्ट फी तिकीट. यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, कागदाचं नाव नेमकं लिहा. "सर्व कागदपत्रे द्यावीत" असं लिहिलं तर अर्ज अडतो आणि नकलेचा खर्च पानांप्रमाणे असल्यानं विनाकारण वाढतो. दोन, तुम्ही पक्षकार आहात की तिऱ्हाईत, ते स्पष्ट लिहा. पक्षकाराला आपल्या केसमधल्या नकला मागता येतात. तिऱ्हाइताला निकाल लागलेल्या दाव्यातले दावा, लेखी जबाब, निकालपत्र असे कागद मिळतात. चालू दाव्यात मात्र कारण कोर्टाला पटावं लागतं आणि न्यायाधीशांची परवानगी लागते. पक्षकारानं पुराव्यासाठी आणलेले त्याचे खासगी दस्तऐवज त्याच्या संमतीशिवाय तिऱ्हाइताला सहसा देत नाहीत. कारण खरं आणि थेट लिहा. "वैयक्तिक कामाकरिता" हे मोघम वाक्य मी कोणालाच लिहू देत नाही.

अर्ज दिला की त्याचा नंबर मागून घ्या आणि नक्कल तयार झाली का ते स्वतःहून विचारत राहा. घाई असेल तर तातडीच्या नकलेचा जादा आकार भरता येतो. दुपारची जेवणाची सुट्टी आणि मे महिन्यातली कोर्टाची सुट्टी लक्षात ठेवून या, बाहेरगावचे असाल तर विशेष.

अपील करायचं असेल तर नकलेवरच्या तारखा फार मोलाच्या. अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे नक्कल मिळवायला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वगळतात. पण नक्कल तयार असून तुम्ही न्यायला आला नाहीत, तर ते दिवस तुमच्याच खात्यावर पडतात. म्हणून निकालाच्या दिवशीच अर्ज टाका. फौजदारीत आरोपीला कैदेची शिक्षा झाली तर निकालाची प्रत त्याला लगेच आणि फुकट मिळते, ती मागून घ्या.

जुन्या केसची फाइल संबंधित कोर्टात नसते, रेकॉर्ड रूममध्ये गेलेली असते. संगणकाच्या आधीच्या केसेस ऑनलाइन दिसतीलच असं नाही. तेव्हा घरातली ट्रंक उघडा: जुनी नोटीस, वकीलपत्राची प्रत, समन्स, कशावर तरी नंबर असतोच. सातबाऱ्यावरचे जुने फेरफारही बघा. कोर्टाच्या हुकुमानं नोंद झाली असेल तर फेरफारात दाव्याचा क्रमांक किंवा निकालाची तारीख सापडते. सगळे कागद कायम ठेवत नाहीत, वर्गवारीप्रमाणे ठरावीक काळानंतर काही नष्ट करतात, म्हणून आजोबांच्या दाव्याची पूर्ण फाइल मिळेल असं धरू नका; निकालपत्र आणि हुकूमनामा आधी मागा. आपल्या नागपूरचं वेगळेपण असं की 1936 ते 1956 इथे मध्य प्रांत-वऱ्हाडचं स्वतःचं उच्च न्यायालय होतं. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ 1956 पासूनचं. 1936 ते 1956 मधला उच्च न्यायालयाचा निकाल शोधताना मुंबईच्या नव्हे, नागपूरच्या नावानं निघालेल्या जुन्या निकालसंग्रहांत बघावं लागतं.

आताच्या खंडपीठाचे निकाल उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर नागपूर निवडून फुकट वाचता येतात. विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांची प्रकरणं तिथे येतात, म्हणून नाव सारखं दिसलं तरी जिल्हा तपासा. प्रमाणित प्रत खंडपीठातूनच घ्यावी लागते.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकून कोर्टाच्या नकला मागू नका, वेळ जातो. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे की न्यायालयीन नकलांसाठी न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच अर्ज करायचा. लैंगिक अत्याचार, लहान मुलं, घटस्फोट-ताबा या प्रकरणांचे कागद बाहेरच्या माणसाला मिळत नाहीत किंवा फार मर्यादित मिळतात, आणि ते तसंच असायला हवं. तहसीलदार, उपविभागीय अधिकारी यांच्याकडची महसुली प्रकरणं कोर्टाच्या यादीत येत नाहीत. त्यांच्या नकला त्या-त्या कार्यालयातच मागा.

अर्ज लिहायला कोणी नसेल, पैशाची अडचण असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीत असलेले, अपंग यांना मोफत विधी साहाय्याचा कायद्यानं हक्क आहे. तिथे जाऊन मदत मागायला लाजू नका.

नक्कल हातात आली की खिडकीपासून हलू नका. प्रत्येक पानावर शिक्का आहे का बघा, शेवटच्या पानावर सही आणि "खरी नक्कल" हा शेरा बघा, पानं मोजा, आणि रोजनामा तुम्ही मागितलेल्या पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत सलग आहे का ते तारखा वाचून तपासा. मधलं पान राहिलं असेल तर तिथेच दाखवा, म्हणजे नवा अर्ज न करता ते मिळवता येतं.