ओल्या अंगठ्याखालून स्पूल घसरू नये म्हणून

मल्टिप्लायर रीळ (ज्यात लाइन गुंडाळलेला स्पूल फेकताना स्वतःच फिरतो, आणि सोडेपर्यंत तो अंगठ्याने दाबून धरावा लागतो) वापरून समुद्रावर मासे गरवणाऱ्यांचा अंगठा बघा. पेरावर आडवा, भाजल्यासारखा चट्टा असतो. विचारलं की म्हणतात, "लाइन लागली." खरं तर फेकीच्या ऐन जोरात स्पूल अंगठ्याखाली फिरलेला असतो. शिसं, म्हणजे लाइनच्या टोकाचं वजन, समोर जायचं सोडून आभाळात जातं आणि रिळात गुंता होतो तोही बऱ्याचदा याच घसरण्यामुळे. (स्पिनिंग रीळवाल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. तुमची लाइन तर्जनीवर असते.)

फेकण्यासाठी रीळ मोकळं केलं की स्पूलचा गिअरशी संबंध सुटतो. त्यामुळे ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना लाइन किती जोराने सुटावी ते ठरवणारा ब्रेक, कितीही आवळा, फेकताना त्याचा काडीचा उपयोग नाही. बाजूचं टेन्शनचं बटण आवळणारेही भेटतात. त्याने पकड वाढत नाही, फक्त शिसं जवळ पडतं. रॉड वाकल्यावर येणारा सगळा ताण तुमचा एकटा अंगठा धरून असतो.

मी रत्नागिरीत मिऱ्याच्या बंधाऱ्यावर आणि भाट्याच्या वाळूत गरवतो. बारा फुटी रॉड, ६५०० आकाराचं रीळ, १४० ग्रॅमचं शिसं. आमच्याकडे थंडीने बोटं बधिर होत नाहीत, पण घाम आहे, कोलंबीचा चिकट रस आहे, बांगड्याच्या तुकड्यांचं तेल आहे. वर हल्ली सनस्क्रीन. म्हणून पहिला उपाय फुकटचा: कमरेला जुन्या सुती पंचाचा तुकडा बांधा. गरीला आमिष लावून झालं की अंगठा पुसा आणि स्पूलवरचा लीडरही (लाइनच्या पुढे गाठीने जोडलेली, फेकीचा ताण घेणारी जाड दोरी) पुसा. लीडर पुसायचं बहुतेक जण विसरतात. काही जण अंगठा ओल्या वाळूत घोळवतात. पकड येते, पण ती वाळू रिळाच्या बेअरिंगमध्ये जाते, तेव्हा तसं करू नका.

मग धरण्याची पद्धत. अंगठ्याचं टोक टेकवू नका, पेराचा मांसल भाग स्पूलवर सपाट बसू द्या. दाब नुसत्या अंगठ्याने द्यायचा नसतो. खालून तर्जनी आणि मधलं बोट रॉडला घट्ट वेढून, अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये रॉड आणि रीळ मिळून चिमटीत आवळायचं. हात लहान असेल आणि रीळ उंच, तर अंगठा पोचतच नाही. तिथे रबर लावून काही साधणार नाही, लहान रीळ घ्या.

एवढं करूनही घसरत असेल तर अंगठ्याला काहीतरी चढवावं लागतं. बँकेत नोटा मोजायला वापरतात ती दाणेदार रबरी टोपी मी वापरून पाहिली. पकड छान, पण घामाने सैल होते आणि शिशाबरोबर तीही समुद्रात जायला निघते. चिकटपट्टी पाणी लागलं की सुटते. सायकलची ट्यूब चांगली, पण आपल्या साध्या सायकलची ट्यूब अंगठ्याला ढगळ होते. दुरुस्तीवाल्याला सांगावं, "काका, रेसिंग सायकलची पंक्चर ट्यूब असेल तर वीतभर द्या ना." ती बारीक असते, ताणून बसते. दोन पेरांएवढा तुकडा कापा आणि आतली पावडर साबणाने धुऊन काढा, नाहीतर तीच घसरते.

माझी पसंती मात्र बांधकामावरच्या हातमोज्याला. विणलेला असतो आणि तळव्याच्या बाजूला खडबडीत रबर असतं तो. त्याचा अंगठा मुळाशी कापून घ्या. मग पुढचं टोकही कापा, नखाएवढं. हे टोक उघडं ठेवण्याला कारण आहे. शिसं हवेत असताना स्पूलला हलका स्पर्श करून वेग आवरावा लागतो, आणि फिरत्या स्पूलला रबर लागलं की तो एकदम अडतो. पेराच्या रबराने धरायचं, उघड्या टोकाने आवरायचं. सोडताना अंगठा सरळ वर उचला, बाजूला सरकवू नका. शिसं पाण्यावर आपटताच मात्र पूर्ण दाबून थांबवा.

लीडरबद्दल हयगय नको. शिशाच्या दर २८ ग्रॅममागे लीडरची १० पौंड ताकद, हा जुना हिशेब. म्हणजे १४० ग्रॅमला ५० पौंडांचा लीडर. तो फेकण्याच्या स्थितीतही स्पूलवर सहा-सात वेढे राहील इतका लांब हवा. लाइन आणि लीडरची गाठ कुठे येते ते दर फेकीआधी बघा. ती स्पूलच्या एका कडेला बसवा आणि अंगठा दुसऱ्या कडेकडे ठेवा. वेगाने निघालेली गाठ अंगठा चिरते, आणि हातमोज्याचं कापडही तिला फार अडवत नाही.

फरक पडला की नाही हे घरी तपासता येतं. रॉडच्या बुंध्याच्या भागावर रीळ बसवा, रीळ मोकळं करा, लीडर थेट मासे तोलायच्या स्प्रिंगच्या काट्याला अडकवा. तुम्ही अंगठा दाबून धरा आणि घरातल्या कुणाला तरी काटा हळूहळू ओढायला सांगा. स्पूल सरकतो तो आकडा बघा: कोरडा अंगठा, ओला अंगठा, मग रबर चढवून, तेही ओलं करून. ओल्या रबराचा आकडा कोरड्या अंगठ्याच्या खाली आला तर ते रबर बदला. आणि नवीन रबर चढवून पहिल्या काही फेकी अर्ध्या जोराने, मागे कुणी उभं नाही ना हे बघून. बंधाऱ्यावर संध्याकाळी पर्यटक अगदी रॉडच्या टप्प्यात येऊन फोटो काढतात.